न्यूझीलंडचं दक्षिण बेट, भाड्याची गाडी आणि लायसन्सवरचं माहेरचं नाव

प्राजक्ता_पार्ले | ९ फेब्रुवारी

नमस्कार. मे महिन्यात आम्ही पाच जण न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जातोय: मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि माझे आई-बाबा. क्राइस्टचर्चला उतरायचं, मग टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड, वानाका आणि पश्चिम किनाऱ्याने वर येऊन परत क्राइस्टचर्च. बारा दिवस आहेत.

टूरबरोबर जायचं नाही हे घरात एकमताने ठरलंय. आईला दर दोन तासांनी उतरून गुडघे मोकळे करावे लागतात. बाबांना एखादी जागा आवडली की तिथे अर्धा तास नुसतं बसायचं असतं. पन्नास जणांच्या बसमध्ये या दोघांची फरफट होते, ती सिंगापूरच्या सहलीत पाहिली आहे. म्हणून गाडी.

चालवणार मुख्यतः मी. पार्ले ते पवई रोज चालवते, चौदा वर्षं झाली. नवऱ्याकडे लायसन्स आहे, पण त्याचा हात बसलाय असं म्हणता येणार नाही, सवय सुटली आहे.

अडचणी अशा. माझं लायसन्स माहेरच्या नावाचं आहे आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा. क्रेडिट कार्ड नवऱ्याच्या नावावर, चालवणार मात्र मी. इंटरनॅशनल परमिट काढावंच लागतं का? आणि बुकिंग करताना विम्याचे तीन-तीन प्रकार दिसतात, त्यात नेमकं काय बघायचं? जे स्वतः चालवून आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

घाटवाट | ९ फेब्रुवारी

आधी नावाचं बघा, बाकी सगळं नंतर. भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर पासपोर्ट, लायसन्स आणि कार्ड अशी तीन कागदं शेजारी शेजारी ठेवून नाव ताडून बघतात. तिथल्या माणसाला आपल्याकडची माहेर-सासरची नावं, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ही पद्धत माहीत असण्याचं कारण नाही. त्याला दोन वेगळ्या बायका दिसतात. गाडी नाकारली तर आगाऊ भरलेले पैसे परत मिळतीलच असं नाही.

लायसन्सवरचं नाव सारथी पोर्टलवरून बदलता येतं. विवाह नोंदणीचा दाखला लागेल, गॅझेट असेल तर तेही हाताशी ठेवा. तुमचं आरटीओ अंधेरीचं असणार. आजच अर्ज टाका, कारण परमिट हे लायसन्सवरच्या नावानेच निघतं. आधी परमिट काढून मग नाव बदललंत तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

परमिटबद्दल. न्यूझीलंडच्या नियमाप्रमाणे परदेशी लायसन्स इंग्रजीत असेल आणि चालू असेल तर तेवढ्यावर चालवता येतं. आपलं स्मार्ट कार्ड इंग्रजीत असतं. तरीही काढाच. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष, आणि रस्ते वाहतुकीच्या १९४९च्या जिनिव्हा कराराप्रमाणे ते दिलं जातं, त्यामुळे जपानसारख्या देशातही तेच उपयोगी पडतं. २०२१ मध्ये नियम बदलून व्हिसा आणि वैद्यकीय दाखल्याची अट काढली, पण मी गेलो तेव्हा तिकिटाची आणि व्हिसाची प्रत खिडकीवर मागितली होती. सोबत असू द्या. नुसतं परमिट कुठेच चालत नाही, मूळ लायसन्स बरोबर हवंच.

निवांत | ९ फेब्रुवारी

कार्डाचं मी सांगते, कारण यात आमचा अर्धा दिवस गेला होता.

जो मुख्य चालक म्हणून बुकिंगवर असेल त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही किंवा मग सगळ्यात महागडा विमा गळ्यात मारतात. दोन मार्ग आहेत. एक तर बुकिंग नवऱ्याच्या नावावर करून तुम्ही जादा चालक म्हणून नाव नोंदवा. किंवा तुमच्या नावाचं कार्ड काढा. मला दुसरा बरा वाटतो. चालवणारी तुम्ही आहात, करार तुमच्या नावावर असू द्या. आणि नवऱ्याचंही नाव जादा चालक म्हणून घालाच. ज्याचं नाव करारात नाही तो पाच मिनिटं जरी चाकामागे बसला आणि काही झालं, तर विमा संपला.

काउंटरवर अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडवून ठेवतात. ती खर्च होत नाही, पण तेवढी मर्यादा वापरता येत नाही. लाखभर रुपये अडकले आणि कार्डाची मर्यादाच दीड लाख असली, तर पुढची हॉटेलं कशाने देणार? दुसरं कार्ड ठेवा. आणि नव्या कार्डांवर परदेशातले व्यवहार मुळात बंद असतात, ॲपमध्ये जाऊन सुरू करायचे. आम्ही ते विमानतळावर उभं राहून करत होतो, आणि बँकेचा ओटीपी येणारं सिम घरी पार्ल्यातच राहिलं होतं. आमचंही पार्लेच!

आणखी एक: मशीन विचारतं, रुपयात पैसे घेऊ की डॉलरमध्ये? नेहमी तिथलं चलन निवडा. रुपयात घेतले की दर ते लावतात.

ठाणेकर७२ | १० फेब्रुवारी

विमा सोप्या भाषेत. भाड्यात साधा विमा धरलेलाच असतो. पण त्यात एक 'एक्सेस' असतो, म्हणजे नुकसान झालं तर पहिली अमुक रक्कम आपली. आमच्या करारात ती ४,००० न्यूझीलंड डॉलर होती. रोज थोडे जास्त पैसे भरले की हा एक्सेस कमी होत शून्यापर्यंत येतो. सगळा फरक एवढाच. मात्र शून्य म्हटलं तरी त्यात काय येत नाही ते वाचा: टायर, काच, गाडीचा तळ, छप्पर, चुकीचं इंधन, किल्ली हरवणं. आमच्या करारात काच आणि टायर वेगळे होते. न्यूझीलंडच्या रस्त्यांवर खडी सुटी असते, समोरच्या ट्रकने उडवलेला खडा काचेवर बसणं तिथे नेहमीचं. काच-टायर घ्याच.

करारात बंदी असलेले रस्तेही लिहिलेले असतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड जवळपास सगळ्यांच्या यादीत असतो. तिथे गेलात की विमा नाही.

आता आमचा अनुभव. गाडी घेतली तेव्हा संध्याकाळ होती आणि पाऊस लागला होता. तिथल्या मुलीने कागद दिला, त्यावर गाडीचं चित्र, दोन ठिकाणी फुल्या. "आणखी काही दिसलं तर सांगा," म्हणाली. आम्ही फिरून बघितलं, काहीच दिसेना. बायको म्हणाली, ओल्या गाडीवर कसं दिसेल? तिने ओढणीने चारही दारं, बंपर आणि चाकांच्या रिमा पुसून काढल्या. पाणी गेल्यावर डाव्या मागच्या रिमेवर वीतभर ओरखडा वर आला, आणि बंपरच्या खालच्या कडेला रंग उडालेला. फोनची बॅटरी लावून एक सलग व्हिडिओ घेतला, शेवटी काट्यावरचे किलोमीटर आणि पेट्रोल. मुलीला बोलावून कागदावर दोन फुल्या वाढवून सही घेतली.

परत करताना विमान पहाटेचं, ऑफिस बंद, किल्ली पेटीत टाकायची. मुंबईला आल्यावर चौथ्या दिवशी मेल: डाव्या मागच्या रिमेचे पैसे कापत आहोत. व्हिडिओ आणि सही केलेला कागद पाठवला. दोन दिवसांत प्रकरण मिटलं. ते सगळं नसतं तर आम्हाला काही म्हणताच आलं नसतं.

रानपाखरू | १० फेब्रुवारी

मूळची डोंबिवलीची, गेली नऊ वर्षं क्राइस्टचर्चला. प्राजक्ता, तुझा बेत छान आहे. इथे डावीकडूनच चालवतात, म्हणून आपल्याकडच्या लोकांना सोपं वाटतं. पण काही गोष्टी मनापासून सांगते.

पोचल्या दिवशी चालवू नकोस. मुंबईहून थेट विमान नाही, दार ते दार वीस तासांहून जास्त प्रवास होतो. मेमध्ये इथलं घड्याळ साडेसहा तास पुढे असतं. सकाळी दहाला उतरलात तर तुमच्या शरीराला पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. आणि विमानतळाच्या बाहेर पडल्यावर अर्ध्या तासात रस्ता सरळ, रिकामा, शंभरच्या वेगाचा. झोप नेमकी अशाच रस्त्यावर येते. एक रात्र क्राइस्टचर्चला राहा, गाडी दुसऱ्या दिवशी घ्या. एका दिवसाचं भाडंही वाचेल.

मे महिन्यात साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो आणि सकाळी पावणेआठपर्यंत उजाडत नाही. अंधारात चालवायचंच नाही, हे धरून बेत करा. खेड्यांमधल्या रस्त्यांवर दिवे नाहीत. सकाळी सावलीतल्या वळणांवर डांबरावर बर्फाचा पातळ थर असतो, तो दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. दहाच्या आधी निघू नका. निवांत नाश्ता करा.

एकपदरी पूल. हे नीट समजून घे, पश्चिम किनाऱ्यावर बरेच लागतील. निळी चौकोनी पाटी, तुझ्या दिशेचा बाण मोठा पांढरा: आधी तू. लाल कडेची गोल पाटी, तुझा बाण छोटा लाल: समोरून कोणी येत असेल तर तू थांबायचं. पण निळी पाटी दिसली तरी समोरचा पुलावर चढलेला असेल तर त्याला येऊ द्यायचं. इथे हॉर्न वाजवत नाहीत, दिवे मारत नाहीत. आपल्याकडे अपर डिपर म्हणजे 'मी येतोय', इथे त्याचा अर्थ 'तुम्ही या' असा घेतला जाऊ शकतो. तो हात आवरायचा.

मागे गाड्या साठल्या तर डावीकडे जागा बघून बाजूला घे आणि त्यांना जाऊ दे. लोक हात करून आभार मानतात. शाळेची बस मुलांना उतरवायला थांबली असेल तर दोन्ही बाजूंनी वेग २०.

लेक सहाची आहे ना? सात पूर्ण होईपर्यंत इथे मान्यताप्राप्त चाइल्ड सीट कायद्याने लागते. गाडीबरोबरच भाड्याने घे. मुंबईहून आणलेली इथल्या नियमात बसेलच असं नाही.

आणि चिवडा-लाडू आणणार असलीस तर विमानतळावरच्या फॉर्मवर सगळं लिही. लपवलेलं सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. लिहिलेलं बहुतेक वेळा बघून परत देतात.

सीमोल्लंघन | ११ फेब्रुवारी

थोडं वेगळं मत मांडतो. क्वीन्सटाउन ते मिलफर्ड एका बाजूने जवळजवळ २९० किलोमीटर, चार तास. जाऊन-येऊन आठ, मध्ये बोटीचे दोन. त्यातही साडेपाचला अंधार. एकट्या चालकाने, सहा वर्षांचं मूल आणि ज्येष्ठ नागरिक गाडीत असताना, हे एका दिवसात करू नये. त्या दिवसापुरती बस घ्या. एरवी बस नको म्हणणाऱ्यांनी तो एक दिवस बसने जाण्यात काही बिघडत नाही. तुम्हालाही खिडकीबाहेर बघायला मिळेल. चालवणाऱ्याला डोंगर दिसत नाहीत, रस्ता दिसतो.

रानपाखरू | ११ फेब्रुवारी

एका दिवसात नको, याला पूर्ण अनुमोदन. पण बसऐवजी दोन रात्री टे आनाऊला राहा. तिथून मिलफर्ड १२० किलोमीटरच्या आत आहे. एग्लिंटन दरी, मिरर लेक्स, वाटेत हवं तिथे थांबता येतं आणि प्राजक्ताच्या बाबांना हवं तसं बसता येतं. टे आनाऊला टाकी पूर्ण भरा, पुढे भरवसा नाही. फोनला रेंज नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा. होमर बोगदा सव्वा किलोमीटरचा, त्यानंतर उतार तीव्र आहे. ऑटोमॅटिक असली तरी खालच्या गिअरवर टाकून उतरा, नुसत्या ब्रेकवर नाही. माळशेज उतरतो तसं. मे ते नोव्हेंबर या रस्त्यावर फलक सांगेल तेव्हा चाकाच्या साखळ्या जवळ असणं सक्तीचं, त्या टे आनाऊला भाड्याने मिळतात. सकाळी रस्ता उघडा आहे का ते वाका कोटाहीच्या, म्हणजे इथल्या सरकारी रस्ते खात्याच्या, साइटवर बघूनच निघायचं. बंद असला तर त्या दिवशी जायचं नाही, बोटीचे पैसे गेले तरी.

गिरगावकर_काका | १२ फेब्रुवारी

माझं वय ६८. गेल्या काही वर्षांत आम्ही दोघांनी इटली, ऑस्ट्रिया आणि आइसलंडला गाडी चालवली. प्राजक्ताताईंना इटलीचा उपयोग नाही, पण हा धागा पुढे इतर लोक वाचतील म्हणून लिहितो.

इटलीत जुन्या शहरांच्या गाभ्यात झेडटीएल नावाचा पट्टा असतो. ठरावीक वेळात तिथे बाहेरच्या गाडीला मज्जाव. पांढऱ्या पाटीवर लाल गोल, आणि वर कॅमेरा. फ्लॉरेन्समध्ये हॉटेल शोधताना मी त्यात दोनदा शिरलो. कोणी अडवलं नाही, शिटी वाजली नाही. सात महिन्यांनी गिरगावच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र आलं. त्याआधी गाडीवाल्यांनी माझं नाव पोलिसांना कळवण्याचे पैसे कार्डातून कापले होते, तेही दोनदा, आणि दंड त्याहून वेगळा. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला त्यांच्या कायद्यात ३६० दिवस असतात. हॉटेल त्या पट्ट्यात असेल तर आधी फोन करून गाडीचा नंबर त्यांच्याकडे नोंदवून घ्यायला सांगा. नाहीतर गाडी बाहेर ठेवा आणि चालत जा.

इंधनाचं नाव वाचा. इटलीत 'गासोलियो' म्हणजे डिझेल. आपल्याला वाटतं गॅसोलीन, पेट्रोल. पंपावर भरून देणारा पोऱ्या नसतो, आपणच भरायचं. मी नळी हातात घेतली होती, बायकोने टाकीच्या झाकणाच्या आतलं लेबल वाचलं म्हणून वाचलो.

उजवीकडून चालवताना पहिले दोन दिवस हमखास होणारी चूक म्हणजे वळण्याआधी इंडिकेटरऐवजी वायपर चालू होणं. आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला, तिथे डाव्या. खरा धोका मात्र रिकाम्या रस्त्यावर, सकाळी पंपातून बाहेर पडताना. गर्दीत माणूस इतरांच्या मागे जातो. रस्ता मोकळा असला की हात जुन्या सवयीने डावीकडे वळतो. माझी पत्नी प्रत्येक वळणावर मोठ्याने "उजवी बाजू" म्हणायची. पंधरा दिवस म्हटलं तिने.

स्वित्झर्लंडला गाडी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. त्यांची रेल्वे इतकी चांगली आहे की गाडी म्हणजे फक्त पार्किंग शोधणं. ऑस्ट्रियात उलट, छोट्या दऱ्यांमध्ये गाडीनेच मजा. महामार्गाचा व्हिनेट, म्हणजे टोलचा पास, आधी घ्यायचा, एवढं लक्षात ठेवा.

वयाचंही सांगतो. काही कंपन्या सत्तरी-पंचाहत्तरीनंतर गाडी देत नाहीत. पंचविशीच्या आतल्यांना जादा आकार. बुकिंगआधी विचारा.

कॉफी_आणि_पाऊस | १२ फेब्रुवारी

काका, आइसलंडचंही लिहा ना. आम्ही सप्टेंबरमध्ये जातोय.

गिरगावकर_काका | १३ फेब्रुवारी

वारा. आइसलंडची पहिली गोष्ट वारा आणि शेवटचीही वाराच. दार उघडताना दोन्ही हातांनी धरायचं, आणि गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे. पाठीमागून वारा आला तर दार हातातून सुटून पुढच्या पत्र्यावर आपटतं, बिजागरी वाकते. वाऱ्याने झालेलं दाराचं नुकसान विम्यात बहुधा नसतं. विक गावच्या काळ्या किनाऱ्यावर आमच्या शेजारच्या गाडीचं दार डोळ्यांदेखत उलटं झालं. एक तरुण जोडपं होतं, ती मुलगी रडायला लागली. बायकोने तिला थर्मासमधला चहा दिला.

एफ अक्षराने सुरू होणाऱ्या डोंगरी रस्त्यांवर फोर बाय फोरच लागते. ओढे ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर बहुधा विमा नसतो. देशाला वळसा घालणारा रिंग रोड १,३२२ किलोमीटर, तो साध्या गाडीने होतो. दिवे दिवसाही चालू ठेवायचे. खडीच्या नुकसानीचा विमा घ्या. रस्ता सोडून मऊ जमिनीवर गाडी घालणं हा तिथे गुन्हा आहे. शेवाळावर उमटलेलं चाक कित्येक वर्षं जात नाही, हे तिथे बघितल्यावर पटतं.

प्राजक्ता_पार्ले | १६ फेब्रुवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी हा धागा आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. बाबांनी वहीत टिपणं काढली.

नावबदलाचा अर्ज टाकला. माझ्या नावाचं कार्ड मागवलं. टे आनाऊला दोन रात्री घेतल्या, त्यासाठी पश्चिम किनाऱ्याची एक रात्र कमी केली. एक शंका: पाच माणसं आणि चार मोठ्या बॅगा. सात आसनी घ्यावी का?

ठाणेकर७२ | १६ फेब्रुवारी

सात आसनी घ्या, पण तिसरी रांग पाडून. ती रांग उघडली की डिकीत एक बॅगसुद्धा बसत नाही. फोटोतलीच गाडी मिळेल असंही नाही, 'किंवा तत्सम' लिहिलेलं असतं. म्हणून बॅगा मऊ घ्या. आणि आईंच्या गुडघ्यांसाठी चढायची उंची बघा. फार उंच एसयूव्ही त्यांना दिवसातून दहा वेळा चढ-उतर करायला नको वाटेल.

सीमोल्लंघन | १७ फेब्रुवारी

आणि जाण्याआधी नवऱ्याला चार रविवार पहाटे अटल सेतूवर चालवू द्या. शंभरच्या वेगाने एका लेनमध्ये वीस किलोमीटर जाणं ही सवय शहरात होत नाही. तुम्हालाही, कितीही वर्षं चालवत असलात तरी. पवईच्या वाटेवर चाळीसच्या वर काटा जातो कुठे?

प्राजक्ता_पार्ले | २ जून

परत आलो. धागा वर काढते, कारण ज्यांनी इतकं लिहिलं त्यांना काय झालं ते कळायला हवं.

१,९०० किलोमीटरच्या वर झाले. पैकी नवऱ्याने जवळपास ७०० चालवले, त्या चार रविवारांमुळे. काउंटरवर नाव ताडून बघितलंच, एकेक अक्षरावर बोट ठेवून. गाडी कोरडी होती, तरी बाबांनी स्वतः वाकून रिमा बघितल्या आणि एक ओरखडा शोधला.

टे आनाऊच्या पहिल्या सकाळी मिलफर्डचा रस्ता बंद होता. आम्ही तळ्याकाठी बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी उघडला. होमर बोगद्याच्या अलीकडे थांबलो तेव्हा दोन किया पक्षी गाडीच्या टपावर येऊन बसले आणि दाराच्या रबराची पट्टी चोचीने ओढायला लागले. लेक आतून काचेला नाक लावून बघत होती. ती पट्टी सुटली नाही, पण मी तेव्हा मनात करारातली कलमं आठवत होते.

पश्चिम किनाऱ्यावर हास्टच्या पुढे एका एकपदरी पुलावर आमची पाटी लाल होती. समोरून दुधाचा टँकर येत होता. मी थांबले. टँकरवाल्याने जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट वर केलं. आई म्हणाली, "हा ओळखीचा आहे का?" त्यानंतर बाराव्या दिवसापर्यंत प्रत्येक पुलावर समोरच्याला हात करायचं काम आईने घेतलं.

पुढच्या काचेवर टेकापोच्या अलीकडेच खडा बसला, तांदळाएवढी खूण. काच-टायर घेतलेलं होतं, एक पैसा लागला नाही. अडवलेली अनामत गाडी परत केल्यावर नवव्या दिवशी सुटली.

रानपाखरू, तुझ्याकडची भाकरी आणि झुणका आई अजून सांगतेय सगळ्यांना.

कॉफी_आणि_पाऊस | २ जून

किती छान! लायसन्सवरचं नाव बदलून यायला किती दिवस लागले? माझंही माहेरचंच आहे, आणि सप्टेंबर जवळ आला.

प्राजक्ता_पार्ले | ३ जून

मला अर्जापासून कार्ड हातात पडेपर्यंत चोवीस दिवस, त्यानंतर परमिटला आणखी आठ. विवाह नोंदणीच्या दाखल्याची मूळ प्रत बरोबर न्या, मला झेरॉक्सवरून परत पाठवलं होतं. आजच अर्ज टाका.